युरोपात भेदभाव नाही, नुसतं रडगाणं आहे म्हणे!

जर्मनीला निघालेल्या मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'युरोपात नोकरी देताना भेदभाव होतो ही लोकांची निव्वळ समजूत. सर्व्हेत तक्रारखोरच बोलतात. भाषा आणि डिग्री असली की काम मिळतं. कायदा कडक आहे, आणि तक्रारी तरी कुठे येतात?'

तक्रारखोरांपासून सुरुवात करू. युरोबॅरोमीटर हा युरोपियन युनियनचा सर्व्हे. त्यात सरसकट सगळ्याच लोकांना विचारतात, तुमच्या देशात भेदभाव कितपत चालतो? २०१९ मध्ये ५९ टक्के लोक म्हणाले, वंशावरून तो सर्रास होतो. यातले बहुतेक गोरे, तिथलेच. त्यांना कसलं रडगाणं गायचंय?

मात्र समजूत म्हणजे मोजमाप नव्हे, एवढं खरं. नेदरलँड्स, स्वीडनमध्ये 'हो' म्हणणारे पुष्कळ, लाटव्हियात कमी. म्हणून लाटव्हियात सगळं आलबेल आहे असं ठरत नाही.

मोजमाप वेगळं झालंय, आणि 'भाषा-डिग्री' हा मुद्दा तिथेच कोसळतो. ऑस्ट्रियातल्या अर्थतज्ज्ञ डोरिस वाइक्सेलबाउमर यांनी जर्मन कंपन्यांना ऑफिसातल्या नोकऱ्यांसाठी सुमारे १,५०० बनावट अर्ज पाठवले. शिक्षण जर्मनीतलंच, अनुभव सारखा, फोटोतली बाईसुद्धा तीच. नाव सांड्रा बाउअर असताना १८.८ टक्के कंपन्यांनी मुलाखतीला बोलावलं. मेरयेम ओझतुर्क असं तुर्की नाव केल्यावर १३.५. त्याच मेरयेमच्या डोक्यावर हिजाब आला आणि आकडा ४.२ वर उतरला! हा निकाल २०१६ चा. फ्रान्समधल्या अशाच प्रयोगात तर दोघी सेनेगली वंशाच्या, आडनावही एकच ठेवलं होतं. ख्रिस्ती नावाच्या मारी दियुफला मुस्लिम नावाच्या खदिजा दियुफच्या अडीचपट बोलावणी आली. आता यात भाषा कुठे आडवी आली?

कायदा आहे, आणि तो चांगलाही आहे. युरोपियन युनियनच्या २००० सालच्या दोन निर्देशांनी नोकरीतल्या भेदभावाला बंदी घातली. बेल्जियममधल्या फेरिन कंपनीच्या संचालकाने स्थलांतरितांना घेणार नाही असं जाहीरपणे म्हटलं होतं, तेव्हा प्रत्यक्ष पीडित समोर नसतानाही हा भेदभावच, असं युरोपियन कोर्टाने २००८ मध्ये ठरवलं. पण इतकं मोकळेपणी बोलतो कोण? जर्मनीत रशियात जन्मलेल्या एका इंजिनियर बाईंचा अर्ज मुलाखतीशिवाय फेटाळला गेला. पुन्हा तीच जाहिरात आली, पुन्हा नकार. मग घेतलं तरी कुणाला, एवढंच त्या विचारत होत्या. २०१२ मध्ये तेच युरोपियन कोर्ट म्हणालं, ते सांगायची कंपनीवर सक्ती नाही. फार तर कंपनीचं गप्प बसणं निकाल देताना विचारात घेता येईल.

कारणच हाती लागत नाही, तर तक्रार कशाच्या बळावर करायची? युरोपियन युनियनच्या मूलभूत हक्क संस्थेने १३ देशांतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना विचारलं. पाच वर्षांत वांशिक भेदभाव सोसल्याचं ४५ टक्के जणांनी सांगितलं. त्यांपैकी तक्रार नोंदवली जेमतेम ९ टक्क्यांनी. उरलेले मेसेजवाल्याच्या हिशेबात येतच नाहीत.