शिवड्याची बाजू

जाळ्यातून नुकताच काढलेला शिवडा मासा जवळून बघितलाय कधी? अंगावर एक खवला नाही, पाठीवर नावापुरता एवढासा पर आणि पोटाखालून शेपटीपर्यंत लांबच लांब झालर. जबडा पार डोळ्याच्या मागेपर्यंत फाटलेला, आत बारीक दातांच्या पट्ट्या. मी एकदा बोट घालून बघितलंय. मासा मेलेला होता, तरी परत घालणार नाही.

या तोंडानेच त्याचं नाव खराब केलं. 'गोड्या पाण्यातला शार्क' म्हणे. मत्स्यशेतीत तर तो शत्रूच. मत्स्यबीज सोडायच्या आधी मीटरभर पाण्याच्या तळ्यात हेक्टरी 2500 किलो मोहाची पेंड टाकून मरळ, शिवडा सगळे मारून काढतात. तळ्यापुरतं हे मला पटतं. कर्ज काढून रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडणारा माणूस शिवडा कशाला पाळेल? पण तोच हिशोब आपण नदीलाही लावून बसलोय, आणि माझं भांडण तिथे आहे.

नदीत शिवड्याला डोह लागतो. दिवसा काठाखालच्या कपारीत, रात्री शिकारीला बाहेर. मरळ-मागूर वरची हवा घेऊन चिखलातही तग धरतात, याला ती सोय नाही. उन्हाळ्यात धार तुटली की डोह हाच त्याचा जीव. तो गाळाने भरला, मोटारी लावून उपसला, की संपलं.

पावसाळ्यात तो अंडी घालायला कडेच्या बुडालेल्या, गवताळ उथळ पाण्यात शिरतो. आणि आपण नेमके तेव्हाच चढणीचे मासे धरायला कंदील-बॅटऱ्या घेऊन हजर. गाभोळीने फुगलेली मादी हातात धरून फोटो! मासेमारीबंदी म्हटलं की आपल्याला फक्त समुद्र आठवतो. इकडे आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत शिवडा 'व्हल्नरेबल'मध्ये, म्हणजे धोक्यात आलेल्या जातींत, जाऊन बसलाय.

रायगडात काळ नदीवर वाळणकोंडीचा डोह आहे. तिथले महसीर देवाचे, त्यांना कोणी हात लावत नाही. पण महसीर देखणा, खाऊ टाकला की काठाशी येतो. कपारीत दडून दुसऱ्यांची पोरं गिळणाऱ्याला कोण नवस बोलणार?

नवस नकोच. नदीवरचे चार खोल डोह उन्हाळ्यात जाळं-मोटारीविना सोडा, आणि पहिल्या पुराच्या दिवसांत गाभोळीची मादी परत पाण्यात जाऊ द्या. एवढ्यालाही आमच्या घरातच विरोध आहे. गाभोळीचा वाटा जाईल म्हणून.