विषय लपवायचा म्हणे

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. माझी भाची शुक्राणूंवर पीएचडी करतेय. काल तिचा लग्नाचा बायोडेटा करायला बसलो तर घरातल्याच एक काकू म्हणाल्या, "विषय नको गं लिहूस, नुसतं बायोटेक लिही, मुलाकडचे काय म्हणतील." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! पोरगी गप्प बसली, मी उठून गेले.

या लाजेपायी आमच्या मोठ्या जाऊबाईंची उमेदीची वर्षं गेली हो. मूल होत नाही म्हटल्यावर सोनोग्राफी त्यांची, नळ्यांची तपासणी त्यांची, उपास त्यांचे, आणि डोहाळजेवणात ओटी भरायला त्यांनाच मागे ठेवायचं. मोठ्या दिरांना एक साधी सिमेन टेस्ट, म्हणजे वीर्याची तपासणी, करा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

भाचीनेच मला र्‍युझो यानागिमाची या शुक्राणूंवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञांबद्दल सांगितलं. १९२८ चा जन्म, जपानच्या होक्काइदोचे. हेरिंग माशापासून सुरुवात केली. त्या माशाचे शुक्राणू पाण्यात जवळजवळ निपचित पडून असतात आणि अंड्याच्या छिद्राजवळ आले की हलायला लागतात, हे त्यांनी बघितलं. पुढे संशोधनाची नोकरी मिळेना म्हणून काही काळ शाळेत शिकवलं. मग १९६० ला अमेरिकेत एम. सी. चँग यांच्याकडे गेले. शुक्राणू मादीच्या शरीरात काही काळ राहून तयार झाल्याशिवाय बीज, म्हणजे मादीचं अंडं, फलित करू शकत नाही, हे १९५१ मध्ये दाखवणारे चँग (त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनीही स्वतंत्रपणे दाखवलं). १९६३ ला यानागिमाची आणि चँग या दोघांनी हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्याचं बीज शरीराबाहेर फलित केलं. मग हवाई विद्यापीठ, आणि तिथेच उभं आयुष्य.

म्हणजे शुक्राणूंची नुसती संख्या बघून काही कळत नाही! शुक्राणू पोहतो कसा, शेवटी शेपटी जोरजोरात झटकतो का, बीजात शिरू शकतो का, सगळं बघावं लागतं. १९७६ ला यानागिमाची, त्यांच्या पत्नी हिरोको आणि रॉजर्स यांनी हॅमस्टरच्या बीजाचं बाहेरचं कवच काढून माणसाचे शुक्राणू त्यात शिरतात का हे तपासायची पद्धत काढली. आणि आमच्या घरी काय झालं? कित्येक वर्षांनी दिरांनी एकदाचा रिपोर्ट काढला, पहिली ओळ वाचली, काउंट (म्हणजे संख्या) ठीक, झालं, सुटले, पुन्हा सगळे जाऊबाईंकडे बघायला लागले. खाली हालचालीचे आकडे होते ते कुणी वाचलेच नाहीत. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी वाचले, तोवर त्या चाळिशीपार गेल्या होत्या.

हो, बाप्यांनाही ती तपासणी अपमानाची वाटते, मान्य. यानागिमाचींच्या लॅबने उंदीर क्लोन केले, त्याला कुणाचा विरोध असेल तर तोही असू दे. पण आज गावोगावच्या क्लिनिकच्या बोर्डावर इक्सी लिहिलेलं असतं ना, त्यात एकच शुक्राणू सुईने बीजात सोडतात, तो प्रयोग त्यांच्या लॅबमध्ये हॅमस्टरवर १९७६ लाच झाला होता. माणसात तो यशस्वी झाल्याचं ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी १९९२ ला जाहीर केलं. मधली सोळा वर्षं कुणीतरी या "नको त्या" विषयात डोकं घालून बसलं होतं म्हणूनच ना? २०२३ ला यानागिमाचींना जपानचं मानाचं क्योटो प्राइझ जाहीर झालं, त्याच वर्षी आपल्या मुंबईच्या चित्रकार नलिनी मलानींनाही. सोहळा नोव्हेंबरात होता, यानागिमाची सप्टेंबरातच गेले. वाचून फार वाईट वाटलं मला.

जाऊबाई आता शांत आहेत, कुणाला दोष देत नाहीत. मला जमत नाही ते. ज्यांच्या घरी नवं जोडपं मुलासाठी डॉक्टरकडे जातंय त्यांनी पहिल्याच फेरीत दोघांची तपासणी करून घ्या, नवऱ्याला सांगायचा संकोच वाटत असेल तर मला फोन करा, मी सांगते. आणि रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.