आधी बाटली, मग जीनोम

ठाण्यात पाचपाखाडीच्या काकांना लघवीच्या संसर्गातून सेप्सिस झाला (संसर्गाने अख्खं शरीर कोलमडायला लागलं), घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत ठेवावं लागलं आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर वाद पेटला. चुलतभाऊ म्हणाला, "तुमच्या लंडनमध्ये जंतूचा जीनोम वाचून औषध ठरवतात. इथे सगळं अंदाजपंचे, मेरोपेनमसारखं भारी अँटिबायोटिक लावलं की झालं!"

तसं अर्धं खरं आहे. सेंट थॉमस हॉस्पिटलच्या आयसीयूत फुप्फुसातल्या नमुन्यावरून नॅनोपोर सिक्वेन्सिंगने, म्हणजे डीएनए थेट वाचून, सुमारे ७ तासांत जंतू ओळखून दाखवले आहेत. टीबीच्या जंतूंचं सिक्वेन्सिंग तर इंग्लंडमध्ये २०१७ पासून नेहमीच्या तपासणीत आहे. पण मी इथे लंडनमध्ये ज्या लॅबमध्ये काम करते, तिथे सेप्सिसचं घोडं अजून कल्चरवरच, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून ओळखण्यावरच, चालतं. पहिला डोस इथेही अंदाजानेच देतात, थांबायला वेळच नसतो. फक्त त्याआधी रक्त कल्चरच्या बाटलीत गेलेलं असतं.

भावाने काकांच्या फाइलचे फोटो पाठवले. अँटिबायोटिक सकाळी ११:२०. कल्चरचं रक्त संध्याकाळी पावणेसातला. रिपोर्ट, 'नो ग्रोथ'. औषध आधीच पोटात गेल्यावर बाटलीत जंतू वाढणार कसा? काका बरे होऊन घरी आले, पण जंतू कोणता ते कुणालाच कळलं नाही. सिक्वेन्सर दारात उभा असता तरी त्यात घालायचं काय?

आणि जनुक कळण्याची गरज लंडनपेक्षा ठाण्यालाच जास्त आहे. क्लेबसिएला या जंतूत औषधांना दाद न देणारं नुसतं ओएक्सए-४८ हे जनुक असेल तर सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम हे अँटिबायोटिक बहुधा चालतं. एनडीएम हे जनुक असेल तर ते एकटं निकामी, जोडीला अ‍ॅझट्रिओनाम लागतं. भारतात दोन्ही जनुकं सर्रास सापडतात. (एनडीएममधल्या 'एनडी'वरून, म्हणजे 'न्यू दिल्ली' या नावावरून, २०१० साली केवढं रण माजलं होतं! जंतूला त्याचं काय.) हे कळायला अख्खा जीनोमही लागत नाही. बाटली पॉझिटिव्ह आली की त्यातल्या थेंबभर रक्तावर पीसीआर पॅनेल, म्हणजे ठरावीक जनुकं शोधणारी चाचणी, तासाभरात सांगतं.

पूर्ण सिक्वेन्सिंग मला हवं आहे ते वेगळ्या कामासाठी. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे. शहरातल्या नर्सिंग होम्सचे हट्टी जंतू तिथे गेले, तर एकच जंतू तीन हॉस्पिटलांतून फिरतोय का ते दिसेल. भाऊ म्हणतो, खासगीवाले आपला जंतू दुसऱ्याला कशाला दाखवतील? नाहीच दाखवणार. इंग्लंडमधल्या लॅबही आपखुशीने कळवतात असं नाही. कार्बापेनेम (मेरोपेनमच्या गटातली औषधं) पचवणाऱ्या अशा जंतूंची माहिती देणं २०२० पासून कायद्यानेच सक्तीचं आहे. मशीन मागण्याआधी भावाने तो कायदा मागावा.