पोळी सोडून हलकं वाटलं म्हणजे ग्लूटेन दोषी, असं होत नाही

'सात दिवस गहू बंद करा आणि चमत्कार बघा' हा मेसेज एव्हाना तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. ग्लूटेन आतड्याला डिंकासारखं चिकटतं, आठवड्यात पोट हलकं वाटलं की तोच पुरावा, टेस्टच्या भानगडीत पडू नका, थायरॉइडची गोळी सुटते आणि पोळीशिवाय जमतच नसेल तर खपली खा, तिच्यात ग्लूटेन नसतं. एरवी मी असलं काही न वाचता डिलीट करते, पण आमच्या कोथरूडच्या आत्याने हे वाचून पोळी सोडली आणि लॅबची चिठ्ठी फ्रिजवर मॅग्नेटखाली अडकवून ठेवली, म्हणून हे लिहायची वेळ आली.

डिंकाचं आधी उरकते. ग्लूटेन हे गव्हातलं प्रोटीन, त्याच्यामुळे कणीक ताणली जाते. परातीला चिकटतं ते आतड्यालाही चिकटणार असेल तर उपासाचा साबुदाणा कधीच बंद व्हायला हवा होता.

खरा संताप टेस्टवाल्या वाक्याचा आहे. आत्याचं हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वर येईना, पोट सारखं बिघडलेलं, म्हणून डॉक्टरांनी सीलिअ‍ॅकसाठी टीटीजी ही रक्ताची टेस्ट लिहून दिली. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो, ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं आणि मग लोह नीट शोषलं जात नाही. टेस्टमध्ये त्या हल्ल्याच्या अँटीबॉडी मोजतात आणि गहू सोडला की त्या हळूहळू उतरतात, म्हणजे आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो! मग निदानासाठी परत गहू खात बसा, ब्रिटनची गाइडलाइन किमान 6 आठवडे रोज खा म्हणते. आधी टेस्ट, मग पथ्य. हा उलटा क्रम सांगणाऱ्याने वर 'जनहितार्थ' लिहिलंय.

आता आत्याला बरं वाटतंय हे खरंय, मान्य. पण पोळीबरोबर चहातली खारी गेली, टोस्ट गेले, बेकरीची बिस्किटं गेली, त्याचं श्रेय कोणाला? नॉर्वेतला 2018 चा एक अभ्यास आहे, सीलिअ‍ॅक नसलेले पण स्वतःहून ग्लूटेन सोडलेले 59 जण, त्यांना कशात काय आहे ते न सांगता आठवडाभर ग्लूटेनवाले बार दिले, मग फ्रुक्टानवाले (फ्रुक्टान म्हणजे एक प्रकारचं कार्बोहायड्रेट), मग दोन्ही नसलेले नुसतेच (क्रम प्रत्येकाचा वेगळा). ग्लूटेनवाल्या आणि नुसत्या बारमध्ये त्रासाचा फरकच पडला नाही, जास्त त्रास फ्रुक्टानने झाला. हे फ्रुक्टान गव्हात असतं तसं कांद्या-लसणातही असतं. म्हणजे गव्हाने त्रास होतो हे खोटं नाही, पण त्यात ग्लूटेनचाच हात असेल असं नाही, आणि ज्वारीची भाकरी खाऊन वर झणझणीत ठेचा भरपूर लसूण घालून खाल्लात तर पोट पुन्हा फुगेल.

थायरॉइडची गोळी मेसेज वाचून बंद करायची नसते. विषय संपला.

आणि खपली! अहो, खपली गहूच आहे, जुन्या वाणाचा. ग्लूटेन तिच्यातही आहे, जवातही आहे. कुणाला चव आवडते, कुणाला पचते, खुशाल खीर करा, पण सीलिअ‍ॅकवाल्या पोराला 'आपला देशी गहू चालतो' म्हणून वाढू नका. ज्याला खरंच हे पथ्य आहे त्याच्या घरात ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ असतोच, पण दळताना गिरणीत आधी कोणाचा गहू निघाला ते विचारावं लागतं. आणि फोडणीच्या हिंगाची डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा, बऱ्याच डब्यांवर गव्हाचं पीठ किंवा मैदा लिहिलेला सापडेल.