नडगी दुखतेय म्हणजे हाड पक्कं होतंय? नाही, पोरांनो!

भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात. नडगी दुखते म्हणजे हाड पक्कं होतंय, थांबू नका. पळण्याआधी स्ट्रेचिंग केलं की दुखापत होत नाही. दुखण्यावरचे व्यायाम हे लाड, खरा जवान ते करत नाही. आणि गुडघ्यांत उशी बांधून झोपलं की नॉक-नी, म्हणजे उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना टेकून घोटे लांब राहणं, महिन्यात जातो. सोलापुरात होम मैदानापासून सोरेगावच्या एसआरपी (राज्य राखीव पोलीस) कॅम्पापर्यंत पहाटे पळणारी मुलं हे खरं मानतायत, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट सर्वांत घातक. नवा ताण पडला की शरीर आधी हाड आतून पोखरतं आणि मग भरून काढतं. पोखरणं काही आठवड्यांत होतं, भरायला महिने लागतात. तोवर दम वाढलेला असतो, मांड्या भरलेल्या असतात, हाड मात्र अजून कच्चं असतं. नेमकं तेव्हाच मुलं राउंड वाढवतात आणि हाडाला बारीक तडा जातो. हेच स्ट्रेस फ्रॅक्चर. ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने सैनिकांच्या पायांतलं हे दुखणं 1855 मध्येच नोंदवलं होतं, एक्स-रेचा शोध लागायच्या 40 वर्षं आधी. नडगीभर ठणका पसरत असेल तर बहुधा तडा गेलेला नसतो, पळणं कमी केलं की ठणका उतरतो. पण बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, तर पळणं बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. सुरुवातीचा एक्स-रे अनेकदा साफ येतो, त्यावर विसंबू नका. आणि जांघेत दुखत असेल तर पळणं थांबवा, डॉक्टरांकडे जायला एक दिवसही लावू नका. तिथला तडा पूर्ण सरकला तर ऑपरेशनच.

स्ट्रेचिंगचं थोडक्यात. ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या 1538 रिक्रूटांवर, म्हणजे नव्याने भरती झालेल्यांवर, हे तपासलं गेलं. आधी स्नायू ताणून पळणाऱ्यांच्या दुखापती काही घटल्या नाहीत.

आता 'लाड'. ब्रिटिश सैन्यात 1502 रिक्रूटांच्या निम्म्या तुकड्यांना नेहमीच्या कवायतीसोबत लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), एका पायावरचं स्क्वॉट (बैठक), पायरीवरून सावकाश उतरणं असे ताकदीचे आणि सोबत ताणाचे व्यायाम दिले. 2011 मध्ये निकाल छापून आला: गुडघ्याच्या पुढच्या भागाचं दुखणं 75 टक्क्यांनी कमी. हे खरे जवानच होते ना? डेन्मार्कच्या सैनिकांवर अशाच प्रयोगात फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. म्हणजे व्यायाम करतोय म्हणून वाट्टेल तितकं पळायची मुभा मिळत नाही. अंतर हळूहळू वाढवणं आणि पुरेशी झोप यांना पर्याय नाही. रात्री बारापर्यंत रील्स आणि पहाटे चारला मैदान, हे हाडाला परवडत नाही.

उशीचं म्हणाल तर वाढ पूर्ण झालेल्या मुलाच्या हाडाचा कोन उशीने, पट्ट्याने किंवा कुठल्याही आसनाने बदलत नाही. वैद्यकीय तपासणीत गुडघे जुळवून घोट्यांमधलं अंतरच मोजतात, त्यामुळे तयारीला लागण्याआधी एकदा डॉक्टरांकडून ते मोजून घ्या. सपाट तळव्यांचं वेगळं आहे. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल तर घाबरू नका, तळव्याच्या स्नायूंना ताकद द्या. जमिनीवर सोलापुरी टॉवेल पसरून तो पायाच्या बोटांनी ओढायचा, एवढंच साधन पुरतं.