खेळणं म्हणालात म्हणून

'एक जुना वाचक' अशी सही असलेली मेल आली आहे. नव्या जागी प्रतिक्रियेची चौकट अजून बसवलेली नाही, म्हणून उत्तर इथेच देतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गूगलच्या ब्लॉगरवरून ह्यूगोवर (साध्या मजकुराच्या फायलींतून संकेतस्थळ बनवणारं साधन) येताना मी जुन्या लिंका तोडल्या, प्रतिक्रिया मागेच टाकल्या, अक्षरं बारीक आणि फिकट केली. आणि शेवटी, "तुम्हाला नवं खेळणं मिळालं, लिखाण मात्र तेच."

अक्षरांचं मान्य. करड्यावर करडं झालं होतं खरं. कालच आकार वाढवला, रंग काळा केला.

आता खेळणं.

महोदय, मी 2006 पासून लिहितोय. तेव्हा बराहा या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून लेख चिकटवायचो आणि समोरच्याच्या स्क्रीनवर नुसते चौकोन उमटायचे. फुकट पानं थाटायला जागा देणारं जिओसिटीज 2009 मध्ये बंद झालं, ब्लॉग एका जागी वाचायचं गूगल रीडर 2013 मध्ये. दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाड थाटलं की मालकाच्या मर्जीवर राहायचं, हे तेव्हाच समजलं. म्हणून लेख साध्या मजकुराच्या फायलींत, स्वतःजवळ हवे होते.

सामान हलवणं म्हणजे काय, कधी पाहिलंय का आपण? ब्लॉगरमधून सगळा मजकूर कोंबलेली एक एक्सएमएल फाइल हातात पडते. तिच्यात फोटो नसतात, फोटोंचे पत्ते असतात. 212 लेखांचे फोटो एकेक करून उतरवले. लेखांचं मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणांचा मजकूर, करायला स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लिहिली, तर तिने झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह कचरा समजून झाडून टाकलं. माझ्या जुन्या टायपिंगमधला 'ऱ्य' त्याच चिन्हाच्या आधाराने उभा होता. (गाढवपणा माझाच.) 'खोल दऱ्या'चा 'खोल दर्या' झाला. 'आचाऱ्यांना बोलणी बसली' तिथे चक्क आचार्यांना बसली! लक्षात आलं तोवर निम्म्या लेखांत हाताने दुरुस्त्या झालेल्या, त्यामुळे स्क्रिप्ट पुन्हा चालवायची सोय नाही. सरसकट बदलावं तर 'सूर्य' आणि 'कार्य' बिघडतात. तीन आठवडे रात्री जागून ओळ न् ओळ वाचली. खेळण्याशी असं कोण खेळतं?

'लिखाण मात्र तेच'? अहो, तेच राहावं म्हणून तर हा खटाटोप!

बाकीचं किरकोळ आहे. प्रतिक्रिया हरवलेल्या नाहीत, त्या एक्सएमएलमध्ये सुखरूप आहेत. लिंकांचं म्हणाल, तर देवनागरी शीर्षकातून ब्लॉगर पत्ता बनवत नाही. 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा, एवढंच. असले पत्ते कोण जपून ठेवतं? ह्यूगोत लेखाच्या माथ्यावर 'एलियास' म्हणून जुना पत्ता एका ओळीत देता येतो, की जुनी लिंक नव्या पानावर पोचते, हे मला ठाऊक आहे. तुम्ही शिकवायची गरज नव्हती. सवडीने करीन.

आणि जुने वाचक म्हणवता, तर नाव लिहायला काय हरकत होती? काल मी त्या एक्सएमएलमध्ये 'खेळणं' शोधलं. 2011 ची एक निनावी प्रतिक्रिया निघाली. मी उजव्या बाजूला घड्याळ लावलं होतं, तेव्हाची. "हे खेळणं कशाला?" एवढंच. तुम्हीच ना ते?

घड्याळ मी दुसऱ्याच दिवशी काढलं होतं.