मॅडम, रात्रीच्या ड्यूट्या जमतील ना?

नीट-पीजी आणि नीट-एसएस या पदव्युत्तर आणि सुपरस्पेशालिटीच्या प्रवेशपरीक्षांनी विभागप्रमुखांचं फार नुकसान केलंय. रँकवर सीट मिळते आणि आपल्याकडे सर्जरी शिकायला कोण येणार, हे तुम्हाला यादी आल्यावरच कळतं. पण खचू नका. सीनियर रेसिडेंटची (पदव्युत्तर शिक्षणानंतरची) बरीच पदं आणि बऱ्याच फेलोशिप अजून मुलाखतीवरच भरतात. तिथे मुली येणारच, तेव्हा तयारी असू द्या.

पहिलं पथ्य म्हणजे आधी काहीही लिहून ठरवायचं नाही. सगळ्यांना तेच पाच प्रश्न, उत्तरांचे निकष ठरलेले, आणि चर्चेआधी प्रत्येकाने आपापले गुण लिहून पाकिटात बंद करायचे, असं कुणी तरुण सहकारी सुचवेल. ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ म्हणून त्याला गप्प करा. गुणपत्रक पेन्सिलीने भरा. ‘एकंदर व्यक्तिमत्त्व’ असा रकाना ठेवून त्याला २० गुण द्या. क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी (पित्ताशय काढताना काहीही कापण्याआधी करायची खातरजमा) कुणी जास्त नीट समजावला, यातून दोन-तीन गुणांचाच फरक पडतो. या रकान्यात तो आरामात बुजतो. उमेदवार बाहेर पडली की सर्वांत ज्येष्ठ माणसाने आधी बोलावं: ‘मुलगी हुशार आहे, पण...’ वाक्य पुरं करायची गरज नसते. बाकीचे आपोआप खोडरबर शोधू लागतात.

आता प्रश्न. मुलाला विचारा, कॉमन बाइल डक्टला (मुख्य पित्तनलिकेला) इजा झाली तर काय कराल? मुलीला विचारा, मिस्टर काय करतात? सासूबाई जवळच असतात का? सुरुवात मात्र ‘काळजीपोटी विचारतोय हं’ अशी करावी. दहा मिनिटांतली चार घरच्या चौकशीत गेली की सर्जरीसाठी तिला सहाच उरतात. मग ‘विषयाची खोली कमी वाटली’ हा शेरा अगदी प्रामाणिकपणे लिहिता येतो. उत्तर काय येतं याची चिंता नको. लग्न झालं नसेल तर होईल. झालं असेल तर मूल होईल. मूल असेल तर ते सांभाळणार कोण? आणि मूल मोठं असेल तर बाईंचं वय झालं. (मुलाचं लग्न ठरलं असेल तर तो ‘सेटल’ होतोय, त्याचं अभिनंदन करा.)

२०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा आहे, पण मुलाखतीत काय विचारू नये यावर मातृत्व रजेचा कायदा अवाक्षर काढत नाही. सरकारी पदांसाठी मात्र संविधानाचं समान संधीचं कलम १६ आडवं येतं. म्हणून जे बोलायचं ते तोंडी. फाइलमध्ये फक्त ‘योग्य उमेदवार आढळला नाही’.

सगळ्यात पक्का उपाय लॉगबुकाचा, म्हणजे शस्त्रक्रियांच्या नोंदवहीचा. त्याला तीन वर्षं आधीपासून लागावं लागतं. रेसिडेन्सीत मुलीच्या हातात जखम उघडी धरायचा रिट्रॅक्टर आणि कॅमेरा द्या, अपेंडिक्स मुलाला. रात्री परफोरेशन (आतड्याला भोक पडलेला रुग्ण) आलं तर ‘तू दमली असशील’ म्हणून तिला वॉर्डातल्या ड्रेसिंगला पाठवा. ओटीत ६ नंबरचे ग्लोव्ह्ज मागवूच नका. ७ चे घालून बोटांची टोकं लोंबली आणि गाठ सुटली की ‘हात बसलेला नाही’ असं नोंदवा. तीन वर्षांनी तिच्या लॉगबुकात ‘असिस्टेड’ची रांग लागलेली असेल. मग मुलाखतीत चष्मा वर करून विचारा, ‘स्वतंत्रपणे किती केल्यात?’

ऑर्थोवाल्यांनी ‘हाडाला ताकद लागते’ हे वाक्य सोडू नये. निखळलेलं हिप भूल देऊन स्नायू सैल केल्यावर, योग्य दिशेच्या ट्रॅक्शनने बसतं आणि मांडीच्या हाडात पोकळी कोरणारा रीमर मोटरवर फिरतो, हे उमेदवारांनाही ठाऊक असतं, पण मुलाखतीत वाद कोण घालणार? सी-आर्मचा (ओटीतल्या एक्स-रे यंत्राचा) प्रश्नही चांगला चालतो: ‘प्रेग्नन्सीत रेडिएशनचं काय?’ गरोदरपण कळवल्यावर गर्भासाठी १ मिलिसीव्हर्टची मर्यादा एईआरबीने (अणुऊर्जा नियामक मंडळाने) घालून दिली आहे, हे आपण होऊन सांगू नका. नाहीतर रेडिएशन मोजणारे टीएलडी बॅज सगळ्यांना मिळतात का आणि लहान मापाचे लेड ॲप्रन कुठे आहेत, इथपर्यंत विषय जाईल.

रात्रीच्या ड्यूटीबद्दल विचारताना खोलीचं दार लावून घ्या. त्याच इमारतीत लेबर रूममध्ये पहाटे तीनला बाया सिझेरियन करतात, रक्तस्राव थांबेना तर गर्भाशयही काढतात, आणि त्यांना रात्री जमेल का असं कुणी विचारलेलं नाही. पण ती ‘लेडीज ब्रँच’. तिथे पोट उघडलं तर ती सर्जरी धरायची नसते.

समितीतलं कुणी २०१७ चा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला पेपर काढेल. ओंटारियोत स्त्री सर्जनांच्या रुग्णांमध्ये ३० दिवसांतले मृत्यू किंचित कमी आढळले होते, म्हणे. ‘कॅनडाची गोष्ट वेगळी’ एवढं म्हणा आणि चहा मागवा.

मुलाखत संपताना ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हणायची रीत आहे. मुलींच्या बाबतीत ती टाळा. सर्जन बाईंनी कपडे बदलायचे कुठे, असं तिने विचारलं तर तुम्हाला ‘नर्सेस’ लिहिलेल्या दाराकडे बोट दाखवावं लागेल.